आग तेवढी तिकडची

जपानात उजीला नदीकाठी एक लहानसं चहागृह आहे. कुणीही जावं, पैसे भरावेत, बूट काढून तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटईवर, बसावं आणि समोर कुणीतरी आपल्यासाठी चहा करताना पाहावं. मागे एका हिवाळ्यात मी तिथं बसले होते. बाहेर नदीला ओढ होती, तिचा आवाज कागदी सरकत्या दारांतून आत येत होता. आत लोखंडी किटलीतलं पाणी बारीक सुरात वाजत होतं. माझ्या शेजारी एक कोरियन आजी होत्या, सोबत त्यांची लेक. यजमानबाईंनी वाडगा पुढे ठेवला, आजींनी तो दोन्ही हातांनी उचलला, सावकाश प्यायल्या, शेवटचा घोट रीतीप्रमाणे आवाज करून ओढला. मग वाडगा उलटा करून त्याचं बूड पाहू लागल्या. यातही वावगं काही नाही, चहा झाल्यावर वाडगा निरखायची पद्धतच आहे. पण गर्दीत कुणीतरी ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये, तसं त्यांचं पाहणं होतं. बुडाच्या कडेला एक खाच होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटल्या. लेक जराशी अवघडली, मग जपानीत म्हणाली, "आई म्हणतेय, हा आमच्याकडचा वाडगा आहे." यजमानबाईंनी क्षणभर हात थांबवला. "हागीचा आहे," त्या म्हणाल्या. आणि किंचित वाकून, "हो. मूळ तिकडचंच."

एवढंच झालं. पुढचा वाडगा आला, त्या सीझनच्या मिठाईवर बोलणं गेलं, मी माझा चहा प्यायले. पण त्या एका वाक्यात अभिमान होता की गाऱ्हाणं होतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

माझी या चहाशी ओळख पुण्यात झाली. जपानी शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी वर्गातच चटई अंथरून एकदा चहा करून दाखवला होता. नंतर कितीदा तरी आम्ही मैत्रिणी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसायचो, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या हिरवळीवर, आणि बाईंनी सांगितलेल्या गोष्टी एकमेकींना पुन्हा सांगायचो. सगळ्यांत लाडकी गोष्ट सोळाव्या शतकातला चहागुरू सेन नो रिक्यू याची. त्याच्या अंगणात निळ्या फुलांचे वेल बहरलेत असं ऐकून सत्ताधीश हिदेयोशी पाहायला येतो, तर अंगणात एकही फूल नाही, सगळी खुडलेली. तो चिडून चहाच्या खोलीत शिरतो. आत अंधार आणि त्यात एकच टवटवीत फूल. या गोष्टीनं आमच्या वयाच्या मुलींवर जे व्हायचं ते गारूड झालं. साधेपणा इतका श्रीमंत असू शकतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजही ती गोष्ट माझी आवडती आहे. पण अलीकडे ती आठवली की माझं लक्ष त्या एका फुलावरून खुडलेल्या फुलांकडे जातं.

माच्चा, म्हणजे हा पुडीचा हिरवा चहा, ज्यानं प्यायला नाही त्याला त्याचा वास सांगणं कठीण. ताज्या कापलेल्या गवताचा, आणि त्याच्या मागे कुठेतरी समुद्राचा. खुडणीआधी सुमारे तीन आठवडे झाडांवर सावली धरतात, त्यामुळे पान गडद हिरवं होतं आणि कडवटपणा मागे सरून एक वेगळीच गोडी पुढे येते. मग पान वाफवायचं, वाळवायचं, देठ-शिरा काढायच्या आणि दगडी जात्यावर दळायचं. जातं सावकाश फिरवावं लागतं, नाहीतर उष्णतेनं रंग आणि वास दोन्ही जातात. तासाभरात जेमतेम 40 ग्रॅम पूड पडते. हातात घेतली तर बोटांच्या रेषांत जाऊन बसते. वाडग्यात बांबूच्या चमच्यानं ती घालायची, वर उकळी मोडलेलं पाणी, आणि चासेन नावाच्या बांबूच्या रवीनं घुसळायचं. एका बांबूच्या कांडाला चिरून चिरून केसासारखे दाते काढलेले असतात. त्या दात्यांचा वाडग्याच्या तळाशी होणारा सर्र सर्र आवाज मला चवीइतकाच प्रिय आहे. पहिला घोट कडू. गोडी मागाहून येते, जिभेच्या मुळाशी, आणि बराच वेळ राहते.

ही घुसळायची रीत मुळात सोंग काळातल्या चीनची. तिथला सम्राट हुइझोंग यानं स्वतः चहावर ग्रंथ लिहिला, 1107च्या सुमारास. फेस कसा यावा, वाडगा काळाच का हवा, पाणी किती वेळा ओतावं, याचं इतकं मायेनं केलेलं वर्णन दुसऱ्या कुठल्या राजानं केलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर वीस वर्षांनी, 1127 साली, उत्तरेकडच्या जुरचेन फौजांनी राजधानी लुटली आणि सम्राटाला कैद करून नेलं. तो परत आलाच नाही. 1191 साली एइसाई हा बौद्ध भिक्षू चीनमधून जपानला परतला, तेव्हा त्यानं चहाचं बी आणि ही रीत बरोबर आणली. पुढे चीनमध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानं 1391 साली नजराण्यातल्या चहाच्या वड्या, ज्या दळून हा चहा घुसळत, बंद करून सुटी पानं पाठवायला सांगितलं. वड्या थापण्यात रयतेचे फार हाल होतात, हे त्याचं कारण. सुटी पानं आली तशी किटली आली, नितळ चहा आला, आणि घुसळलेला चहा त्याच्या जन्मभूमीतून हळूहळू नाहीसा झाला. राहिला तो जपानात.

म्हणजे उजीच्या त्या खोलीत चहा चीनचा होता. आणि वाडगा?

रिक्यूकडे वळावं लागेल. 1522 साली साकाई बंदरातल्या व्यापारी घरात तो जन्मला. साकाई म्हणजे पैसा, परदेशी माल, आणि बंदुका. जपानात बंदूक आल्यावर ती बनवायचे मोठे कारखाने याच गावात उभे राहिले. देश शंभर वर्षं आपापसात लढत होता, आणि या व्यापाऱ्यांचं त्या लढायांशी थेट घेणं-देणं होतं. 1575 साली हिदेयोशीच्या आधीचा सत्ताधीश ओदा नोबुनागा यानं रिक्यूला धाडलेलं आभाराचं पत्र आहे. मोहिमेसाठी बंदुकीच्या हजार गोळ्या पाठवल्याबद्दल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून उठले होते. एक फूल ठेवणारा हात आणि गोळ्या मोजून देणारा हात एकच. नोबुनागा लढाई जिंकून आलेल्या सरदारांना मुलखाऐवजी चहाची भांडी बक्षीस देई, आणि ती मिळावीत म्हणून सरदार जीव टाकीत. ताकिगावा काझुमासु या सरदाराला मुलूख मिळाला, पण हवी होती ती चहाची बरणी मिळाली नाही म्हणून तो खंत करीत बसला.

आणि याच माणसानं, रिक्यूनं, यामाझाकीला ताईआन ही दोन तातामींची खोली बांधली असं मानतात. 1582 सालच्या लढाईच्या आसपासची ती वास्तू आजही उभी आहे. दोन चटया म्हणजे दोन माणसांना पाय मुडपून बसता येईल, बस्स. मातीच्या भिंतींत कापलेलं गवत मिसळलेलं दिसतं. आत शिरायचं दार सुमारे अडीच फूट उंच, गुडघ्यांवर सरकत जावं लागतं. कमरेला तलवार असेल तर शिरताच येत नाही, ती बाहेर फळीवर ठेवायची. सरदार असो की वाणी, सगळ्यांनी वाकायचं. तलवार बाहेर ठेवायला लावणारी खोली तलवारींच्या काळातच कुणाला सुचणार. तिची गरज त्या दिवसांत जितकी होती तितकी नंतर कधीच नव्हती, असं मला मनापासून वाटतं.

हिदेयोशीला दोन्ही हवं होतं. त्यानं मातीच्या भिंतींची खोलीही करवून घेतली आणि सोन्यानं मढवलेली, सुटी करून कुठंही नेता येणारी खोलीही. 1587 साली क्योतोच्या कितानोला त्यानं मोठा चहामेळा भरवला, वाडगा असेल त्यानं यावं, तातामी नसेल तर साधी गवताची चटईही चालेल अशी दवंडी दिली. दहा दिवसांचा मेळा एका दिवसात गुंडाळला. आणि 1591 साली त्यानं रिक्यूला पोट फाडून मरायचा हुकूम दिला. का, यावर अजून वाद आहेत. दाइतोकुजी मंदिराच्या दरवाजावर रिक्यूचा पुतळा बसवला होता, त्याखालून आपल्याला जावं लागेल याचा राग, असं एक कारण सांगतात. रिक्यूनं शेवटचा चहा केला आणि हुकूम पाळला. पुढच्याच वर्षी, 1592 साली, हिदेयोशीच्या फौजा कोरियात उतरल्या. क्यूशूतल्या नागोया किल्ल्यावर, जिथून त्या जहाजात चढल्या, तिथं ती सोन्याची खोलीही नेली होती.

चहाच्या माणसांना तेव्हा कोरियन वाडग्यांचं वेड लागलेलं होतं. इदो म्हणतात ते वाडगे: बेलफळाच्या रंगाचे, भरभर चाकावरून उतरवलेले, झिलई बुडाशी गोळा होऊन खरखरीत कातडीसारखी झालेली. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला किझाएमोन. ओसाकाच्या एका व्यापाऱ्याच्या नावावरून ओळखला जातो. तो भिकेला लागला, अंगावर फोड येऊन मेला, पण वाडगा सोडला नाही, अशी दंतकथा. पुढे मात्सुदाइरा फुमाई या सरदारानं तो घेतला, आणि त्याच्यामागे घरच्यांनी क्योतोच्या कोहोआन मंदिराला देऊन टाकला. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. लोककलेचे जपानी अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी 1931 साली तो हातात घेऊन पाहिला आणि लिहिलं, की हा तर एका गरीब घरातला रोजचा भाताचा वाडगा, आणि त्याचं सौंदर्य त्या नाव नसलेल्या साधेपणातच आहे. कोरियात पुष्कळांना हे पटत नाही. हे वाडगे पूजेअर्चेचे असावेत असं काही अभ्यासक म्हणतात, आणि आमच्या कुंभाराला अडाणी, दुःखी, निरागस ठरवणारे तुम्ही कोण, असाही प्रश्न विचारतात. मला दोन्ही बाजू ओढतात. यानागींनी जपानी राजवट असताना सोलचा ग्वांगह्वामुन दरवाजा पाडू नये म्हणून 1922 साली जाहीर लेख लिहिला होता, कोरियन कारागिरीचं संग्रहालय सोलमध्येच काढलं होतं. तो माणूस प्रेम करत होता याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्यावर प्रेम केलं त्याचं नाव विचारायची गरज न वाटणं, हेही त्या प्रेमात होतं.

फौजा दोनदा गेल्या, 1592 आणि 1597 साली. परतताना सरदारांनी कुंभार आणले. कुटुंबंच्या कुटुंबं, जहाजांत भरून. पश्चिम जपानातल्या हागी गावची भट्टी मोरी सरदारांनी आणलेल्या ई घराण्यातल्या भावांनी पेटवली. कारात्सू, आगानो, ताकातोरी, सात्सुमा, सगळीकडे तेच. आरिताच्या डोंगरात 1616 साली चिनी मातीची खाण शोधून जपानचं पहिलं पोर्सेलीन केलं ते ई साम-प्योंगनं, तोही आणलेलाच. चहावाले वाडग्यांची प्रतवारी सांगतात: पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सू. हागी आणि कारात्सू कोरियन हातांचे. राकू घडवणारा चोजिरो, त्याचा बाप चीनमधून आलेला होता असं मानतात. जपानी चहाचा आत्मा म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवायचं, त्या तिन्ही वाडग्यांच्या मुळाशी परका माणूस आहे.

क्योतोत कामो नदीच्या पूर्वेला मिमिझुका नावाचा गवतानं झाकलेला उंचवटा आहे. त्याखाली त्या युद्धात कापून, मिठात घालून आणलेली नाकं आणि कान पुरलेत. समोर मुलं खेळतात, सायकली लावलेल्या असतात. तिथून थोड्याच अंतरावर क्योतोची नावाजलेली भांड्यांची दुकानं सुरू होतात. मी त्या दिवशी आधी दुकानांत गेले होते. पिशवीत कागदात गुंडाळलेला वाडगा होता.

बऱ्याच वेळा मी त्या उंचवट्यासमोर जाऊन उभी राहिले आहे. दर वेळी पाय जड होतात.

कुंभार गेले, पण कोरियाचं काय झालं, हा प्रश्न आजींच्या त्या अंगठ्यामुळे मला पडला. जोसन राजवटीत बौद्ध मठांची आधीच पीछेहाट झालेली, आणि चहा मठांच्या आधारानं जगत होता. तो दक्षिणेच्या डोंगरांत, काही भिक्षूंच्या वळचणीला राहिला. घरोघरी जेवणानंतर प्यायचं ते सुंगन्युंग, भाताच्या भांड्याच्या तळाची खरवड पाण्यात उकळून केलेलं, करपट वासाचं ऊन पाणी. ते मी प्यायले आहे आणि मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात चहाला पुन्हा उजाळा मिळाला तो एका हद्दपार माणसामुळे. जॉंग याक-योंग, दासान या नावानं ओळखले जाणारे विद्वान, 1801 ते 1818 अशी वर्षं गांगजिनला शिक्षा भोगत होते आणि तिथं भिक्षूंच्या सोबतीनं चहा करत, पीत, लिहीत होते. त्यांच्याकडे शिकलेल्या चोउई या भिक्षूनं 1837 साली कोरियन चहाची थोरवी गाणारं काव्य रचलं. गांगजिन म्हणजे जुन्या काळी नितळ हिरव्या सेलॅडॉन भांड्यांच्या भट्ट्यांचं गाव.

हे सगळं दूरचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मुंबईत वाढलेल्या माणसाला ते तसं सुटत नाही. इंग्रजांना चिनी चहा हवा होता, चीनला त्यांच्याकडचं चांदीशिवाय काही नको होतं, तेव्हा चांदीची जागा अफूनं घेतली. बंगालची अफू कलकत्त्याहून गेली, माळव्याची आपल्या मुंबईहून. कँटनला जहाजं पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांत सर जमशेटजी जीजीभॉय आघाडीवर होते, तरुणपणी स्वतः चीनच्या वाऱ्या केलेले. 1839 साली लिन झेशू या अधिकाऱ्यानं हूमेनला अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या आणि युद्ध पेटलं. जे. जे. रुग्णालय, 1857 साली सुरू झालेलं जे. जे. कलाशाळेचं काम, ही सगळी जमशेटजींच्या दानाची फळं. त्या कलाशाळेत पुढे कुंभारकामाचा विभाग निघाला, अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी काढलेली भांडी तिथं घडली. माझी मावशी त्या शाळेत शिकली. लहानपणी तिच्याबरोबर त्या आवारात झाडांखाली बसले की बाहेरचा सगळा गलका विझून जायचा. ती जागा माझ्या आयुष्यातली पहिली शांत जागा. आणि माझ्या मावशीचं, गिरणगावातल्या साध्या घरातल्या मुलीचं, सगळं जगणं त्या शाळेनं बदललं. त्या उपकारातला एक कणही खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि कँटनच्या गल्लीत अफूच्या गुत्त्यात पडलेला माणूसही डोळ्यांपुढून हलत नाही.

क्योतोहून आणलेला हागीचा तो वाडगा आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. आणला तेव्हा साईसारखा, किंचित गुलाबी झाक असलेला होता. हागीची माती सच्छिद्र असते. झिलईला केसाएवढे तडे असतात आणि चहा त्यांतून आत मुरत जातो. वर्षानुवर्षं वापरला की रंग पालटत राहतो, हागीची सात रूपं म्हणतात ती हीच. माझ्या वाडग्याच्या तळाशी आता फिकट मधाच्या रंगाची जाळी उमटली आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा डाग समजून ती घासायला घेतली होती, मी धावत जाऊन वाडगा हातातून घेतला. चहा केला की वाडग्याची ऊब तळव्यांत उतरते, डोकं निवतं, घर निवतं. ही शांतता अस्सल आहे. ती देणाऱ्या हातांना स्वतःला ती मिळाली की नाही, हे विचारल्याशिवाय मात्र आता माझा वाडगा रिकामा होत नाही.

सात्सुमाला आणलेल्या कुंभारांची वस्ती नाएशिरोगावाला झाली, आजचं मियामा, कागोशिमाजवळ. सरदारानं त्यांना वेगळं ठेवलं. कोरियन नावं, कोरियन पेहराव, कोरियन बोली. त्यांनी टेकडीवर आपल्या देवाचं देऊळ बांधलं आणि पिढ्यानपिढ्या तिथं आपली गाणी म्हटली. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेइजी काळ आला आणि जे जपायला लावलं होतं तेच लाजिरवाणं ठरलं. पाक आडनावाच्या एका कुंभार घरानं जपानी आडनाव घेतलं, तोगो. त्या घरचा मुलगा तोगो शिगेनोरी 1941 साली, पर्ल हार्बरच्या वेळी, जपानचा परराष्ट्रमंत्री होता, आणि 1945 साली शरणागतीसाठी झगडला तेव्हाही तोच मंत्री होता. 1950 साली कैदेत असताना त्याचा मृत्यू झाला. पकडून आणलेल्या कुंभारांचा वंशज एका साम्राज्याच्या वतीनं युद्धाचा कागद हाताळतो आणि मग ते युद्ध थांबवण्यासाठी भांडतो. हा माणूस चहा कुठल्या वाडग्यात पीत असेल, असं मला सारखं वाटत राहतं.

त्या वस्तीतल्या अगदी पहिल्या भांड्यांना एक नाव आहे, हिबाकारी. माती कोरियाहून आणलेली, झिलई तिथलीच, हात तर कोरियनच. जपानची होती ती फक्त भट्टीतली आग. 1998 साली, वस्तीला चारशे वर्षं झाली तेव्हा, गावकऱ्यांनी नामवॉनहून, जिथून त्यांचे पूर्वज पकडून आणले गेले होते तिथून, विस्तव आणला. समुद्रावरून, जहाजानं, विझू न देता. त्या आगीवर मियामातली भट्टी पेटवली. या खेपेला माती जपानची होती, हातही आता जपानीच म्हणायचे, आग तेवढी तिकडची.

मला मियामाला जायचं आहे. तिथं अजून चाकं फिरतात. त्या भट्टीचं दार थंड झाल्यावर फोडलं, तेव्हा सगळ्यांत आधी बाहेर काय काढलं, वाडगा की आणखी काही, आणि तो पहिल्यांदा कुणाच्या हातात दिला, एवढं मला कुणाकडून तरी ऐकायचं आहे.